उपकरणांवरचा स्टिकरचा गम काढताना: नवशिक्यांसाठी सविस्तर पद्धत

टीव्हीच्या रिमोटचे मागचे झाकण हरवले, की सेल जागेवर राहावेत म्हणून त्यावर सेलोटेप गुंडाळली जाते. दोन-तीन वर्षांत ती टेप पिवळी पडते, कडेने सुटू लागते आणि ओढून काढली, की प्लास्टिकची पट्टी तेवढी हातात येते. गम रिमोटलाच राहतो. त्या गमावर धूळ बसते, हाताचा घाम आणि तेल बसते, आणि काही महिन्यांत तिथे काळपट, लिबलिबीत राप तयार होतो. लॅपटॉपवरच्या जाहिरातीच्या स्टिकरचे, फ्रिजच्या दारावर मुलांनी लावलेल्या चित्रांचे आणि भिंतीवरून काढलेल्या राउटरखालच्या फोम टेपचेही हेच होते. हा गम घरच्या घरी, फारसा खर्च न करता आणि वस्तूला इजा न होऊ देता काढता येतो. मात्र त्यासाठी हाताशी असलेली पहिली बाटली उचलण्याआधी दोन गोष्टी ओळखाव्या लागतात: गम कोणत्या जातीचा आहे आणि तो कशावर चिकटला आहे. यांपैकी दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे, कारण आज न निघालेला गम उद्या काढता येतो, पण विरघळलेले प्लास्टिक किंवा उडालेला लेप परत आणता येत नाही.

स्टिकर आणि टेप यांच्या गमाचा स्वभाव आधी समजून घ्यावा. हा गम कधी वाळत नाही. तो अतिशय घट्ट द्रवासारखा असतो. दाब दिला की पृष्ठभागाच्या बारीक खाचांत पसरतो आणि ओढले की घन पदार्थासारखा धरून ठेवतो. म्हणूनच स्टिकर झटक्याने ओढला, तर कागद फाटतो आणि गम मागे राहतो, आणि तोच स्टिकर थोडा कोमट करून सावकाश सोलला, तर पुष्कळदा गमासकट निघून येतो. जुन्या सेलोटेपचा रबरी गम हवेतील ऑक्सिजनमुळे पिवळा आणि कडक होत जातो, त्यामुळे तो उशिरा काढायला घेतला, की अधिक त्रास देतो. चांगल्या प्रतीच्या लेबलांचा आणि फोम टेपचा गम बहुधा ॲक्रिलिक जातीचा असतो. तो वर्षानुवर्षे मऊच राहतो आणि अल्कोहोलने सैल पडतो.

फेव्हिक्विकसारखा झटपट चिकटणारा गोंद किंवा एम-सीलसारखे दोन घटक कालवून लावायचे मिश्रण हा निराळा विषय आहे. हे पदार्थ रासायनिक क्रियेने कायमचे कडक होतात आणि पुढे सांगितलेल्या सौम्य उपायांनी निघत नाहीत. झटपट गोंद ॲसिटोन या तीव्र विद्रावकाने मऊ होतो हे खरे असले, तरी ॲसिटोन त्याखालचे प्लास्टिकही खाते, म्हणून उपकरणावर पडलेला असा थेंब नवशिक्याने तसाच राहू द्यावा, हेच मी सांगेन. पांढरा फेव्हिकॉल मात्र पाण्याने फुगतो आणि ओल्या फडक्याने बराचसा निघतो.

आता पृष्ठभागाकडे वळू. माझ्या आत्याकडे एक जुना ट्रान्झिस्टर होता. त्याच्या तबकडीवरच्या पारदर्शक झाकणावर किमतीच्या चिठ्ठीचा गम राहिला होता आणि मी शाळेत असताना मोठ्या हौसेने तो नेलपॉलिश काढण्याच्या द्रवाने पुसायला घेतला. गम पहिल्या फेऱ्यातच निघाला. दुसऱ्या फेऱ्यात कापूस झाकणाला चिकटू लागला आणि डोळ्यांदेखत ते स्वच्छ झाकण ताकासारखे पांढरट झाले. त्याखालचे आकडे आणि काटा पुन्हा कधी नीट दिसले नाहीत. आत्याने एका शब्दानेही बोलून दाखवले नाही. पुढची कित्येक वर्षे ती नुसत्या आवाजावरून आकाशवाणीचे केंद्र लावत असे. त्या द्रवात ॲसिटोन होते, आणि पारदर्शक झाकणे, खिडक्या व भिंगे ज्या पॉलिस्टायरिनची किंवा ॲक्रिलिकची बनवतात, त्या दोन्ही प्लास्टिकांना ॲसिटोन विरघळवते.

रिमोट, चार्जर, राउटर, संगणकाचा पडदा यांची कवचे बहुतेक वेळा एबीएस नावाच्या प्लास्टिकची किंवा पॉलिकार्बोनेट आणि एबीएस यांच्या मिश्रणाची असतात. कवचाच्या आतल्या बाजूला, बॅटरीच्या खाचेत किंवा झाकणाच्या मागे > आणि < या दोन कोनी खुणांच्या मध्ये प्लास्टिकच्या जातीची रोमन आद्याक्षरे कोरलेली आढळतात; प्लास्टिक ओळखता यावे यासाठी आयएसओ 11469 या आंतरराष्ट्रीय मानकात ही पद्धत ठरवून दिलेली आहे. एबीएस आणि त्याचे पॉलिकार्बोनेटशी केलेले मिश्रण आयसोप्रोपिल अल्कोहोलचा थोडा वेळ झालेला स्पर्श सहसा सहन करतात, पण ॲसिटोन आणि रंगाचा थिनर सहन करत नाहीत. पारदर्शक ॲक्रिलिकला अल्कोहोलसुद्धा चालत नाही. त्यात ताण असलेल्या जागी, म्हणजे कडांशी आणि स्क्रूच्या भोवती, केसासारख्या बारीक भेगा उमटतात. काच, स्टील आणि लॅपटॉपचे ॲल्युमिनियमचे कवच या बाबतीत निर्धास्त असतात, परंतु त्यांवर छापलेली अक्षरे आणि दिलेले लेप तसे नसतात.

साहित्य थोडेच लागते. चष्म्याला वापरतो तसली दोन-तीन मायक्रोफायबरची फडकी, कान साफ करायच्या कापसाच्या काड्या, मुदत संपलेले एखादे प्लास्टिकचे कार्ड, भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब, थोडे खोबरेल तेल आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलची लहान बाटली एवढ्यावर घरातली जवळजवळ सगळी कामे होतात. हे अल्कोहोल मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत, म्हणजे जिथे सोल्डरिंगचे सामान मिळते तिथे विचारले, की मिळते. दुकानदार त्याला नुसते ‘आयपीए’ म्हणतात. औषधांच्या दुकानातही ते मिळते, पण तिथे ‘स्पिरिट’ म्हणून मागितल्यास दुसरेच मिश्रण हाती पडू शकते, म्हणून बाटलीवरचे घटक वाचून घ्यावेत. कवचाच्या बाहेरच्या कामाला 70 टक्क्यांचे अल्कोहोल पुरते. बटणांच्या फटीजवळ किंवा बॅटरीच्या पत्र्यांजवळ पुसायचे असेल, तर पाणी जवळजवळ नसलेले 99 टक्क्यांचे बरे. हात निर्जंतुक करायचे जेल यासाठी वापरू नये, कारण त्यात घट्टपणासाठी आणि त्वचेसाठी मिसळलेले पदार्थ मागे राहतात आणि एक चिकटपणा काढताना दुसरा तयार होतो.

अल्कोहोल उघडण्याआधी देवघरातले निरांजन, उदबत्ती आणि स्वयंपाकघरातला गॅस विझलेला आहे ना, हे पाहावे. आयसोप्रोपिल अल्कोहोलची वाफ साधारण 12 अंश सेल्सियसपासूनच पेट घेऊ शकते, म्हणजे आपल्याकडच्या कोणत्याही ऋतूत ती धोक्याचीच असते, आणि हवेपेक्षा जड असल्यामुळे ती टेबलावर व जमिनीलगत साचून राहते. खिडकी उघडी ठेवावी, पंखा मंद लावावा आणि बाटली मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवावी.

प्रत्यक्ष काम

पहिली पायरी वीज तोडण्याची आहे. उपकरण बंद करून प्लग भिंतीतून काढावा, सेल काढावेत, लॅपटॉप किंवा मोबाइल पूर्ण बंद करावा आणि ते गरम असल्यास थंड होऊ द्यावे. त्याच वेळी काय काढायचे आणि काय राहू द्यायचे हेही ठरवावे. अनुक्रमांक, मॉडेल क्रमांक आणि विजेचे आकडे असलेली पट्टी काढू नये, कारण दुरुस्तीला आलेला मेकॅनिक सुटा भाग त्या पट्टीवरूनच मागवतो. स्क्रूवर लावलेले वॉरंटीचे सील वॉरंटी संपेपर्यंत हलवू नये. मोबाइलवरची आयएमईआय क्रमांकाची, म्हणजे त्या फोनच्या ओळख क्रमांकाची चिठ्ठी निघण्याच्या बेतात असेल, तर स्टार, हॅश, 06, हॅश एवढे डायल करून पडद्यावर दिसणारा 15 आकडी क्रमांक आधी वहीत उतरवून ठेवावा.

दुसऱ्या पायरीत कोणताही द्रव न वापरता जितके निघेल तितके काढायचे असते, आणि नवशिके नेमकी हीच पायरी घाईने ओलांडतात. स्टिकर अजून शाबूत असेल, तर केस वाळवायचा ड्रायर कमी उष्णतेवर, वीतभर अंतरावरून, सतत हलता ठेवून अर्धा मिनिट फिरवावा. पृष्ठभागावर हाताचा तळवा आरामात टेकवता आला पाहिजे. चटका बसत असेल, तर उष्णता जास्त झाली आहे. मोबाइल, टॅबलेट आणि लॅपटॉप यांच्या बाबतीत ड्रायर न वापरणेच मी पसंत करतो, कारण आत लिथियमची बॅटरी असते आणि ॲपलसारखी कंपनी आपला आयफोन बंद अवस्थेतही 45 अंशांपेक्षा अधिक तापमानात ठेवू नका असे सांगते. तिथे कोमट पाण्यात बुडवून घट्ट पिळलेले फडके प्लास्टिकच्या पिशवीत घालून ती पिशवी स्टिकरवर मिनिटभर ठेवावी. मग कोपरा नखाने उचलून स्टिकर सरळ वर न ओढता स्वतःवर उलटा दुमडत, अगदी सावकाश सोलावा. वेग वाढला, की कागद फाटलाच म्हणून समजावे.

मागे राहिलेला गम ताजा आणि मऊ असेल, तर कोरड्या अंगठ्याने एकाच दिशेने दाबत घासावा. पहिले काही फेरे काहीच घडत नाही असे वाटते; नंतर गम गोळा होऊ लागतो आणि अंगठ्याखाली त्याच्या करड्या, बारीक वाती वळल्या जातात. त्या वाती झटकून न टाकता सेलोटेपच्या नव्या तुकड्याने उचलून घ्याव्यात, म्हणजे त्या बटणांच्या फटीत शिरत नाहीत. तोच तुकडा उरलेल्या गमावर टिपकागदासारखा दाबून चटकन उचलला, तर गमाला गम चिकटून पुष्कळसा थर त्याच्याबरोबर निघतो. जाड थरासाठी प्लास्टिकचे कार्ड पृष्ठभागाला जवळजवळ आडवे धरून पुढे सरकवावे. सुरी, ब्लेड आणि स्क्रूड्रायव्हर यांना इथे काहीच काम नाही. त्यांनी पडलेला ओरखडा गमापेक्षा अधिक दिसतो.

एवढे करूनही चिकटपणा उरला, की द्रव वापरावा, पण त्याआधी न दिसणाऱ्या जागी चाचणी घ्यावी. रिमोटच्या बाबतीत सेलच्या खाचेच्या आतली भिंत यासाठी योग्य असते. कापसाच्या काडीवर द्रवाचा एक थेंब घेऊन तिथे हलके फिरवावे आणि पाच मिनिटे थांबावे. काडीवर रंग उतरला, जागा निस्तेज झाली किंवा बोटाला चिकट लागली, तर तो द्रव त्या वस्तूसाठी वर्ज्य समजावा.

मी क्रम असा ठेवतो, की आधी साबणाचे कोमट पाणी, त्याने भागले नाही तर खोबरेल तेल किंवा अल्कोहोल. तेल आणि अल्कोहोल यांत निवड करताना जागा पाहावी. फ्रिजच्या दारासारखा सलग, मोठा, फटी नसलेला पृष्ठभाग असेल आणि गम जुन्या सेलोटेपचा, रबरी असेल, तर तेल उत्तम काम करते: पातळ थर लावावा, पंधरा-वीस मिनिटे मुरू द्यावा, कार्डाने खरवडावे आणि साबणाच्या ओलसर फडक्याने तेलाचा अंश दोनदा पुसून काढावा. थंडीत खोबरेल गोठलेले असेल, तर बाटली कोमट पाण्यात धरावी. याउलट जिथे बटणे, जाळ्या, छिद्रे किंवा जोड आहेत तिथे तेल नेऊ नये, कारण आत झिरपलेले तेल निघत नाही आणि धूळ ओढत राहते. तिथे लगेच उडून जाणारे अल्कोहोलच वापरावे. निलगिरी तेल आणि संत्र्याच्या सालीच्या तेलापासून केलेले क्लीनर गम झपाट्याने सोडवतात हे खरे आहे, पण ते काही प्लास्टिकांनाही मऊ करतात, म्हणून ते काच आणि स्टील यांच्यापुरते ठेवावेत.

अल्कोहोल नेहमी फडक्यावर घ्यावे, उपकरणावर कधीही ओतू किंवा फवारू नये. फडक्याचा कोपरा ओलसर होईल इतके, म्हणजे तीन-चार थेंब पुरतात. फडके दाबल्यावर थेंब गळत असेल, तर ते जास्त झाले. गम हट्टी असेल, तर कापसाचा लहान ओला तुकडा त्यावर ठेवून वरून प्लास्टिकच्या पिशवीचा तुकडा झाकावा, म्हणजे अल्कोहोल उडून न जाता मिनिट-दीड मिनिट गमात मुरते. नंतर डागाच्या बाहेरच्या कडेकडून मध्याकडे पुसत यावे आणि प्रत्येक फेऱ्याला फडक्याची नवी घडी वापरावी. ही गोष्ट मी आवर्जून सांगतो, कारण गोल गोल घासून गम निघत नाही. तो पातळ होऊन दुप्पट जागेवर पसरतो आणि अल्कोहोल उडाल्यावर पुन्हा चिकटतो. बटणांवर छापलेल्या अक्षरांवरून मात्र अल्कोहोलचे फडके रगडू नये, कारण स्वस्त रिमोटवरचे आकडे त्याने पुसट होतात. फटीतल्या गमासाठी ओलसर काडी वापरताना उपकरण उलटे किंवा उभे धरावे, म्हणजे द्रव आत न जाता बाहेरच्या बाजूला येईल.

पेट्रोल, रॉकेल आणि थिनर यांबद्दल थोडक्यात सांगायचे, तर पेट्रोल घरात उघडणे हाच आगीला निमंत्रण देण्याचा प्रकार आहे, रॉकेल तेलकट थर आणि वास मागे ठेवते आणि थिनर प्लास्टिक वितळवतो. भांडी घासायची हिरवी घासणी आणि पांढरा ‘मॅजिक’ स्पंज हे दोन्ही अतिशय बारीक पॉलिश कागदासारखे काम करतात आणि चकचकीत कवचावर निस्तेज डाग पाडतात.

पडदे

मोबाइलचा पडदा काचेचा असतो, तरी त्यावर बोटांचे ठसे उमटू नयेत म्हणून एक अतिशय पातळ लेप दिलेला असतो, आणि वारंवार घासण्याने तो झिजतो. टेम्पर्ड ग्लास काढल्यावर कडेने राहिलेला गम आधी अंगठ्याने आणि टेपने काढावा आणि शेवटचा अंश 70 टक्के अल्कोहोलने जेमतेम ओल्या केलेल्या फडक्याने एक-दोनदाच पुसावा. ॲपल आपल्या उपकरणांच्या कठीण, सच्छिद्र नसलेल्या बाह्य भागांसाठी 70 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या पुसण्या चालतात असे सांगते, मात्र कोणत्याही छिद्रात ओल जाऊ देऊ नका आणि ब्लीच वापरू नका असेही बजावते. कान लावायच्या जाळीजवळ पुसताना हात जाळीकडून बाहेर न्यावा.

लॅपटॉप, संगणक आणि टीव्ही यांचे पडदे अधिक नाजूक असतात. त्यांपैकी बहुतेकांचा वरचा थर काचेचा नसून प्लास्टिकच्या पातळ पटलाचा असतो; ॲसिटोन ते पटल खराब करते आणि अमोनिया असलेला काच पुसायचा द्रव त्यावरचा चमक कमी करणारा लेप खराब करतो. तिथे फडके इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात त्या डिस्टिल्ड वॉटरने ओलसर करावे, गमावर अर्धा-एक मिनिट नुसते टेकवून ठेवावे आणि बोटाच्या मऊ भागाने, दाब न देता, गोळा करत जावे. चार दिवस रोज थोडे थोडे काढावे लागले तरी चालेल. अल्कोहोल तेव्हाच वापरावे, जेव्हा त्या पडद्याच्या माहितीपुस्तिकेत तशी स्पष्ट परवानगी असेल.

गम लागलेलाच नसताना चिकट होणारे कवच

अनेकांची तक्रार असते, की दुर्बीण, जुना माउस, कॅमेऱ्याची मूठ किंवा रेडिओ कपाटात नुसता ठेवलेला असताना चिकट झाला. इथे बाहेरून काहीच लागलेले नसते. हाताला मखमली, रबरी स्पर्श मिळावा म्हणून कवचावर दिलेला पॉलियुरेथेनचा लेप हवेतील दमटपणाने हळूहळू तुटत जातो आणि गुळाच्या पाकासारखा होतो. कोकणात आणि मुंबईत, जिथे पावसाळ्याचे चार महिने कपाटातली चामड्याची वस्तूही बुरशी धरते, तिथे हे लवकर घडते. टाल्कम पावडर लावून चिकटपणा काही दिवस लपतो, पण लेप पूर्ववत होत नाही. तो पूर्ण काढून टाकणे हाच टिकाऊ उपाय आहे. 99 टक्क्यांचे अल्कोहोल फडक्यावर घेऊन, हातमोजे घालून, दोन-तीन बोटे रुंदीची जागा एका वेळी धरावी आणि खालचे गुळगुळीत, कठीण प्लास्टिक दिसेपर्यंत पुसत जावे. फडके शाई सांडल्यासारखे काळे होते. त्याने घाबरून जाऊ नये. एका माउसला सहज अर्धा तास लागतो, लेपावर छापलेली अक्षरे त्याच्याबरोबर जातात आणि कवच आधीपेक्षा चकचकीत दिसू लागते, याची तयारी ठेवूनच काम हाती घ्यावे.

मोबाइलच्या आत बॅटरी चिकटवणारा गम मात्र नवशिक्याने काढू नये. बॅटरी वाकली किंवा टोचली गेली, तर ती पेट घेऊ शकते, आणि पाठीचे झाकण फुगलेले दिसत असेल, तर फोन बंद करून सरळ दुरुस्ती केंद्रात न्यावा.

काम झाल्यावर जागा नुसत्या पाण्याच्या ओलसर फडक्याने एकदा आणि कोरड्या फडक्याने एकदा पुसावी. तळहाताची मागची बाजू त्यावरून फिरवावी. डोळ्यांना न दिसणारा चिकटपणा तिथे चटकन जाणवतो. उपकरण वीस मिनिटे उघड्या हवेत ठेवावे आणि फटींजवळ काम केले असेल, तर तासभर, आणि अल्कोहोलचा वास पूर्ण गेल्यावरच सेल घालावेत किंवा प्लग लावावा. वापरलेली फडकी गोळा करून बंद डब्यात न टाकता गॅलरीत पसरून वाळू द्यावीत आणि मग साबणाने धुवावीत. रिमोटचे सेल पुन्हा टेपने बांधण्यापेक्षा त्यावर एक रुंद रबरबँड चढवावा किंवा त्याच मॉडेलचे झाकण दुकानात मागावे.